टू व्हील ड्राइव्ह पिकअप घरच्या शेडमध्ये फोर व्हील ड्राइव्ह करायची तर

प्रश्न थोडक्यात असा: गेवराई तालुक्यात गोदाकाठचं वावर, घरापासून दीड-दोन किलोमीटर पाणंद. पाऊस पडला की काळ्या मातीत पिकअप रुतते. गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, पुढे-मागे पाट्यांची. शेडमध्ये वेल्डिंग मशीन आहे, गावातला फिटर हाताशी आहे. भंगारातून पुढचा एक्सल आणून गाडी चारही चाकांवर करता येईल का?

येईल. पण ‘पुढचा एक्सल आणून’ या तीन शब्दांतच अर्धा घोटाळा आहे. पुढचा एक्सल बसवणं हा या कामातला सोपा भाग. पुढच्या आणि मागच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) दातागणिक जुळवणं आणि शाफ्टचे कोन बरोबर आणणं, खरं काम हे. या दोन्हींपैकी एक जरी चुकलं तरी गाडी चिखलातून निघेल, पण पुढे कधीतरी ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी, फोडून उभी राहील.

आधी कायद्याचं सांगतो, कारण शेवटी सांगितलं तर ते कुणी वाचत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ तसाच कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पिवळ्या पाटीची पिकअप असेल तर पासिंगला गाडी खालून बघतातच. अपघात झाला तर विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडतो, आणि समोरच्याला इजा झाली असेल तर ती भरपाई तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते. म्हणून गाडी हायवेवर, बाजाराला, कारखान्यावर जाणार असेल तर हे काम करू नका. तिला विकून कंपनीतूनच फोर व्हील ड्राइव्ह निघालेली जुनी गाडी घ्या. बोलेरो कॅम्परमध्ये तशी आवृत्ती मिळते. दोन्हीकडचा खर्च कागदावर मांडलात तर बहुतेक वेळा तीच स्वस्त पडते. फक्त वावर आणि पाणंदीसाठी गाडी ठेवायची असेल तरीही पाना हातात घेण्याआधी बीडच्या एमएच-२३ कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. खाली जे आहे ते हे सगळं मिटल्यानंतरचं.

दुसरा प्रश्न, फोर व्हील ड्राइव्ह खरंच लागते का. भारी काळी माती पाणी प्याली की फुगते आणि टायरच्या खाचांत बसते. दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, मग दोन चाकं फिरत असोत की चार, जागेवरच फिरतात. पावसाळ्यात पाणंदीत चार-पाच ठिकाणी पहार खुपसून बघा. फूट-दीड फुटावर पहार मुरमाला लागली, तर अरुंद, उंच, खोल खाचांचा टायर चिखल कापून खाली टेकतो. अशा जागी नुसत्या टायरवर आणि मागच्या लॉकिंग डिफरेन्शियलवर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या) काम भागतं. गोदाकाठच्या गाळात पहार दोन हात सहज जाते; तिथे अरुंद टायर बुडत जातो, रुंद टायर आणि कमी हवा लागते. एरवी ३५ पीएसआय असेल तर रिकाम्या गाडीला चिखलापुरती २० पर्यंत आणा. ट्यूबचा टायर असेल तर याहून खाली जाऊ नका, टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. गाडी भरलेली असेल तर हवा कमी करायचीच नाही.

आणखी एक गोष्ट बघा. तुमची पाणंद ट्रॅक्टरने चाकोऱ्या पाडलेली असेल तर गाडी रुतत नाही, तिचं पोट टेकतं. मधल्या उंचवट्यावर डिफरेन्शियलचा गोळा बसतो आणि चाकं लोंबकळतात. त्यावर फोर व्हील ड्राइव्ह उपाय नाही. पुढचा गोळा आल्यावर टेकायला उलट आणखी एक जागा होते. तिथे चार ट्रॉल्या मुरूम हा उपाय आहे.

एवढं करूनही हवीच असेल तर गाडीखाली झोपा आणि पुढचा भाग बघा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग लोखंडी एक्सल आणि त्यावर पाटे असतील तर घरच्या शेडमध्ये काम होऊ शकतं. दोन्ही चाकं स्वतंत्र आर्मवर असतील, मध्ये कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असेल, तर इथेच थांबा. त्या रचनेत डिफरेन्शियल चॅसीला टांगलेलं असतं आणि हाफ शाफ्ट चाकाबरोबर वरखाली होतात. त्यासाठी पुढची पूर्ण क्रॉसमेंबर, आर्म आणि नकल (चाक वळवणारा सांधा) बदलावे लागतात, आणि चॅसीची मापं जिगशिवाय मिलीमीटरमध्ये धरता येत नाहीत. तुमची गाडी पाट्यांची आहे, म्हणजे पहिली पायरी पार झाली. तरी लक्षात ठेवा, टू व्हील ड्राइव्हच्या पुढच्या चाकाची स्टब एक्सल भरीव असते, तिच्यातून शाफ्ट जायला भोकच नसतं. त्यामुळे जुन्या गाडीचं पुढचं नकल, हब, ब्रेक यातलं काही उपयोगी पडत नाही.

सुटे भाग सुटे गोळा करू नका. एकाच गाडीतून घ्या, आणि ती गाडी तुमच्या गाडीच्याच घराण्यातली असावी. एक्सल एका दुकानातून, गिअरबॉक्स दुसरीकडून आणि शाफ्ट ओळखीच्या गॅरेजमधून, असं काम कधी संपत नाही. एका अपघाती फोर व्हील ड्राइव्ह गाडीतून हे उतरवून घ्या: पुढचा एक्सल ब्रेकसकट पूर्ण, मागचा एक्सल पूर्ण, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जोडलेल्या अवस्थेत, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, क्रॉसमेंबर आणि तिचे रबर माउंट, ट्रान्सफरचे लिव्हर, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची पूर्ण जोडणी, पुढचे पाटे, शॅकल, बंप स्टॉप, स्टिअरिंगचे रॉड. नट-बोल्टसुद्धा सोडू नका; यातले बरेच बारीक आट्याचे असतात आणि तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मिळत नाहीत. मुंबईचं कुर्ला, दिल्लीचं मायापुरी, जीपसाठी हरियाणातलं मंडी डबवाली ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. माल कुठूनही घ्या, पण ज्या गाडीतून निघाला तिचा चॅसी नंबर लिहिलेलं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीच्या गाडीचा एक्सल तुमच्या शेडमध्ये सापडला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

माल घेताना एक्सलचे गोळे, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर या तिन्ही ठिकाणचं ऑइल थोडं थोडं काढून बघा. ताकासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी गेलंय, बेरिंगवर गंज धरा. चुंबक फिरवल्यावर काळी मऊ लापशी चिकटली तर ती रोजची झीज. चमकणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला तर तो गोळा उघडल्याशिवाय घेऊ नका. पिनियनचा (शाफ्टची ताकद गोळ्यात आणणाऱ्या छोट्या गिअरचा) फ्लँज हाताने वरखाली हलवा. गोल फिरवताना थोडी मोकळीक असणारच, पण वरखाली किंवा आतबाहेर जराही हलता कामा नये. ट्रान्सफरचे सगळे गिअर हाताने टाकून बघा आणि टू हाय, फोर हाय, न्यूट्रल, फोर लो या प्रत्येक ठिकाणी शाफ्ट फिरवा.

आता रेशो. डिफरेन्शियलवरची पट्टी किंवा विकणाऱ्याचा शब्द यावर जाऊ नका, मोजा. एक्सल दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. एक चाक लाकडाने पक्कं अडवा. पिनियनच्या फ्लँजवर आणि मोकळ्या चाकावर खडूची खूण करा. मोकळं चाक बरोबर २० फेरे फिरवा आणि फ्लँजचे फेरे मोजा. एक चाक अडलेलं असल्यामुळे २० फेऱ्यांत क्राउन (गोळ्यातला मोठा गिअर) १० वेळा फिरते, म्हणून फ्लँजच्या फेऱ्यांना १० ने भागलं की रेशो. जुन्या जीपच्या घराण्यात ३९ आणि ८ दातांची जोडी असेल तर फ्लँजचे ४८ पूर्ण आणि वर पाऊण फेरा होतो, म्हणजे ४.८७५. जोडी ४३ आणि ८ ची असेल तर ५३ आणि पाऊण, म्हणजे ५.३७५. दोन फेरे फिरवून अंदाज बांधणाऱ्याला ४.८७ आणि ५.१२ मधला फरक दिसत नाही. म्हणून २० फेरे. ५.१२ ही जोडी ४१ आणि ८ ची, अस्तित्वात असलेली.

पुढे ५.३७५ आणि मागे ४.८७५ बसलं तर काय होतं? चारही चाकं जोडलेली असताना पुढची चाकं मागच्यांच्या दर १० फेऱ्यांना ९.०७ च फेरे फिरायला बघतात, आणि जमीन त्यांना १० फिरायला लावते. हा दहा टक्क्यांचा ताण ट्रान्सफर केसमध्ये साठतो. चिखलात टायर घसरून थोडा सुटतो, मुरमावर सुटत नाही. आधी लिव्हर अडकतो, मग शाफ्टचा क्रॉस (टोकाचा वळता सांधा) तुटतो, नाहीतर गिअरचा दात जातो. अर्धा-एक टक्का फरक ‘चालतो’ म्हणणारे मिस्त्री भेटतील. चिखलात चालतो, पण रेशो जुळलेली जोडी मिळत असताना तो पत्करायचं कारण नाही. जोडी दातागणिक सारखीच हवी. टायरही तसेच: चारही एका मापाचे, एका कंपनीचे, सारखे झिजलेले. मागे कोरा आणि पुढे ८ मिलिमीटर झिजलेला टायर ठेवलात, तर ३५० मिलिमीटर त्रिज्येवर सव्वादोन टक्के फरक तिथेच पडला.

म्हणूनच वर मागचा एक्सलही यादीत आहे. त्याचं आणखी एक कारण आहे. जुन्या जीप घराण्यातल्या ट्रान्सफर केसमध्ये मागच्या शाफ्टचं तोंड गाडीच्या मध्यावर नसतं, पुढच्या तोंडाच्या रेषेत एका बाजूला असतं. त्यामुळे त्या गाड्यांचा मागचा गोळाही एका बाजूला सरकलेला असतो. तुमच्या टू व्हील ड्राइव्हचा मागचा गोळा मध्यावर असला आणि ट्रान्सफर अशी आली, तर मागचा शाफ्ट खाली तर झुकतोच, आडवाही तिरका जातो, आणि दोन कोन मिळून क्रॉस खातात. नवीन, चेनवर चालणाऱ्या ट्रान्सफरमध्ये मागचं तोंड गिअरबॉक्सच्या रेषेत असतं आणि फक्त पुढचं बाजूला. तुमच्याकडे कुठली येतेय ते आधी बघा, मगच मागचा एक्सल ठेवायचा की बदलायचा ते ठरतं. पुढचा गोळा आणि ट्रान्सफरचं पुढचं तोंड एकाच बाजूला आहेत ना, हे तर बघायचंच.

गिअरबॉक्स का बदलायचा? टू व्हील ड्राइव्हच्या गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट लांब असतो आणि शेपटीच्या घरात संपतो. ट्रान्सफर जोडायला आखूड, वेगळ्या आट्याचा शाफ्ट आणि मागची वेगळी प्लेट लागते. गिअरबॉक्स उघडून शाफ्ट बदलता येतो, पण त्या मेहनतीत जोडलेला संच बसवून होतो. बसवण्याआधी तीन मापं जुळवा: बेल हाउसिंगची भोकं, क्लच प्लेटमध्ये जाणाऱ्या शाफ्टचे आटे, आणि त्या शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या पायलट बेरिंगमध्ये किती जातं ते. तिसरं माप विसरलात तर गिअरबॉक्स बसतो, गाडी चालते, आणि काही दिवसांत क्लच ओरडायला लागतो. जिप्सीसारखी वेगळी, मध्ये छोटा शाफ्ट असलेली ट्रान्सफर लावायचा सल्लाही मिळेल. कल्पना वाईट नाही, कारण मूळ गिअरबॉक्स तसाच राहतो. पण ती ट्रान्सफर हलक्या पेट्रोल गाडीसाठी बनलेली आहे. डिझेल इंजिन, फोर लो आणि वर दहा पोती, हे तिच्या ताकदीबाहेरचं आहे.

उचलायला पत्र्याच्या शेडचा पाइप वापरू नका. तो वाकतो आणि त्याच्याखाली माणूस असतो. बोअरची मोटार काढणाऱ्यांची लोखंडी तिपाई आणि चेनकप्पी दोन दिवस भाड्याने आणा. गाडी चारही बाजूंनी तीन टनी घोड्यांवर, घोड्यांखाली काँक्रीट किंवा जाड फळी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर घोडी एका बाजूने खचते, आणि ती खचलेली कळते तेव्हा उशीर झालेला असतो. वीट कधीच नाही.

उतरवण्याआधी गाडी समतल जमिनीवर उभी करून मापं लिहून ठेवा: चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची, चॅसीच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, पाट्यांची रुंदी, पाट्याच्या एका डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंतची लांबी. नवीन पुढच्या एक्सलवर पाटे बसायच्या गाद्या तुमच्या पाट्यांच्या अंतरावर असतील तर देव पावला. नसतील तर गाद्या कापून नव्या जोडायच्या, आणि इथेच वेल्डिंगवाले एक्सल वाकवतात. हाउसिंगचा मधला गोळा ओतीव असतो आणि नळ्या त्यात दाबून बसवलेल्या. एका दमात गोल फिरून वेल्डिंग केलं की नळी तापलेल्या बाजूला ओढली जाते, चाकाचा कॅम्बर (उभा कल) बिघडतो आणि हाफ शाफ्ट सील खातो. ७०१८ ची काडी वापरा, पावसाळी हवेत ती आधी भट्टीत वाळवून घ्या. दमट काडीचं वेल्डिंग वरून सुंदर दिसतं आणि आतून तडकतं. २५-३० मिलिमीटरचे टाके, एक या बाजूला, एक त्या बाजूला, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. आधी आणि नंतर हाउसिंगच्या दोन टोकांमधली दोरी ताणून सरळपणा तपासा. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी शेजारी, त्याच नळीवर लावा. चॅसीवर कुठेतरी लावला तर करंट बेरिंगमधून जातो, रोलरवर बारीक डाग पडतात, आणि महिनाभराने बेरिंग घरघरतं. तेव्हा दोष बेरिंगच्या कंपनीला दिला जातो. बॅटरीची तार काढलेली असावीच.

ट्रान्सफरच्या क्रॉसमेंबरसाठी चॅसीला भोकं पाडायची ती उभ्या बाजूला, मध्यावर. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत भोक पाडलं की भरलेल्या गाडीत तडा तिथूनच सुरू होतो. ८.८ ग्रेडचे बोल्ट: १० मिलिमीटरचा साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरचा साधारण ८० ते ८५. माउंटचं रबर नवीन घ्या. जुन्या, बसलेल्या रबरावर ट्रान्सफर पाच-सात मिलिमीटर खाली येते आणि तुम्ही काळजीपूर्वक घेतलेले सगळे कोन वाया जातात.

कोन घ्यायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना, घोड्यांवर नाही. फोनमधलं कोन मोजायचं ॲप चालतं, फक्त फोन प्रत्येक वेळी त्याच कडेवर ठेवा. मागे: ट्रान्सफरचं तोंड मागच्या बाजूला ३ अंश खाली झुकलेलं असेल तर पिनियनचं तोंड पुढच्या बाजूला ३ अंश वर बघत असलं पाहिजे, म्हणजे दोन्ही समांतर. फरक १ अंशाच्या आत. शाफ्ट आणि तोंड यांच्यातला कोन रोजच्या चालीत ३-४ अंशांपेक्षा जास्त नको. अगदी शून्यही नको, नाहीतर क्रॉसच्या सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत असले पाहिजेत. सरकता जोड काढून पुन्हा घालताना एक आटा चुकला की शाफ्ट ४० च्या वेगाला थरथरतो, आणि लोक चाकं बॅलन्स करत बसतात. बहुतेक शाफ्टवर बाणाची खूण असते. नसेल तर सोडण्याआधी पंच मारा.

पुढे मात्र ओढाताण असते. पुढच्या एक्सलला कॅस्टर लागतो, म्हणजे किंगपिनचा (ज्यावर नकल वळतो त्या खिळीचा) वरचा भाग मागे कललेला, जुन्या जीपमध्ये साधारण ३ अंश. पिनियनचं तोंड ट्रान्सफरकडे वर उचलावं तर कॅस्टर कमी होतो; कॅस्टर वाढवावा तर पिनियन खाली जातो. दोन्ही एकाच लोखंडाला जोडलेले आहेत. इथे कॅस्टरला मान द्या. पुढचा शाफ्ट रोज चालत नाही, स्टिअरिंग रोज चालतं. कॅस्टर कमी पडला तर गाडी भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग सोडलं तरी परत येत नाही. पाटा आणि गादी यांच्यात लोखंडी पाचर घालून २-३ अंश मिळवता येतात, त्यापुढे पाचर हा उपाय नाही. पाचरीला मध्यबोल्टचं भोक असावं. ॲल्युमिनियमची पाचर ठेचून पातळ होते आणि यू-बोल्ट ढिले पडतात. यू-बोल्ट नेहमी नवे, शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना, आडवेतिडवे, चारही सारखे.

पुढच्या शाफ्टची लांबी ठरवताना सरकत्या जोडाला दोन्हीकडे जागा हवी. पाटे पूर्ण दबून बंप स्टॉपला लागले तरी २५ मिलिमीटर दाब शिल्लक, आणि एक्सल पूर्ण लोंबकळला तरी निदान ५० मिलिमीटर आटे एकमेकांत. पहिली जागा नसली तर बांधावरून उतरताना शाफ्ट ट्रान्सफरला मागे ढकलतो आणि घर तडकतं. दुसरी नसली तर शाफ्ट निसटून रस्त्यावर पडतो. लांबी बदलायची तर लेथवर कापून, सरळ जोडून, मशीनवर बॅलन्स करून आणा. शेडमध्ये डोळ्याने सरळ केलेला शाफ्ट सरळ नसतो.

नकल भरताना किंगपिनच्या वरच्या आणि खालच्या शिम (पातळ चकत्या) सारख्या वाटा. सगळ्या वर भरल्या तर नकल खाली सरकतो, आतला जोड मध्यातून हलतो आणि वळणावर ठोके देतो. नकल हाताने फिरवल्यावर सलग, थोडा जड फिरावा. ढिला नको, अडखळताही नको. चाकाचं बेरिंग चाक अडेपर्यंत आवळा आणि नट एक षष्ठांश फेरा मागे घ्या, मग लॉकची पट्टी वाकवा. क्राउन-पिनियन उघडलंच असेल तर दातांची मोकळीक डायल गेजवर ०.१५ ते ०.२० मिलिमीटर धरा, अंगठ्याच्या अंदाजावर नको. टो-इन (चाकं पुढून आत वळलेली असण्याचं माप) दीड ते अडीच मिलिमीटर. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आतल्या जोडाचे कान एकमेकांना टेकत नाहीत ना ते बघा. टेकत असतील तर स्टॉप बोल्ट बाहेर घ्या. वळण थोडं मोठं होईल, होऊ द्या.

ड्रॅग लिंककडेही (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीकडे) लक्ष असू द्या. नव्या एक्सलने गाडी पुढून दोन इंच उचलली तर ही दांडी तिरकी होते, आणि प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप एका बाजूला वळतं. स्टिअरिंगचा आर्म बदलून दांडी पुन्हा जमिनीला जवळजवळ समांतर आणावी लागते. तो आर्म तापवून वाकवू नका. तो तुटला की स्टिअरिंगच उरत नाही.

पुढचे ब्रेक नव्या एक्सलबरोबर आलेत, पण मास्टर सिलिंडर जुनाच आहे. चाकाच्या सिलिंडरचा व्यास वेगळा असेल तर पेडल एकतर खाली जाईल नाहीतर दगडासारखं होईल. म्हणून मास्टर आणि बूस्टरही त्याच गाडीतून घ्या. पाइप लोखंडीच, तांब्याचा नको. होज पूर्ण वळणावर आणि एक्सल लोंबकळताना ताणत नाही हे बघा. हवा सगळ्यात लांबच्या चाकापासून काढत जवळ या. मग मोकळ्या मुरमावर २० च्या वेगाने जोरात ब्रेक मारा, मागची चाकं पुढच्यांआधी अडता कामा नयेत.

काही जुन्या ट्रान्सफर केसवर हँडब्रेकचा ड्रम मागच्या शाफ्टवरच असतो. हा ब्रेक शाफ्ट धरतो, चाकं नाही. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरेन्शियल ते चाक उलटं फिरू देतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. पंक्चर काढायचं तर उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय जॅक लावायचा नाही. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, पोराला आणि सालगड्यालासुद्धा, हे सांगून ठेवा.

ऑइल भरताना घाई नको. एक्सलच्या गोळ्यांत जीएल-५ चं ८०डब्ल्यू-९०. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असतील तर जीएल-४. जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात. ट्रान्सफरचं ऑइल तिच्या जातीप्रमाणे, चेनवालीचं आणि गिअरवालीचं वेगळं असतं. हाउसिंगच्या हवेच्या नळीला रबरी पाइप लावून तो बॉनेटपर्यंत वर आणा. गरम गोळा ओढ्याच्या पाण्यात उतरला की आत पोकळी होते, आणि तो सीलमधून पाणी ओढतो.

सुरू करण्याआधी शेवटची तपासणी हाताने. चारही चाकं वर, इंजिन बंद, गिअरबॉक्स न्यूट्रलला, ट्रान्सफर फोर हायमध्ये, पुढचे हब लॉक (म्हणजे चाकं हाफ शाफ्टला जोडलेली). मागचं डावं आणि पुढचं डावं चाक लाकडाने अडवा. मागचं उजवं चाक पुढच्या दिशेने १० फेरे फिरवा. पुढचं उजवं चाक त्याच दिशेने बरोबर १० फिरलं पाहिजे. साडेनऊ फिरलं तर रेशो चुकला. उलटं फिरलं तर गोळा उलट्या बाजूने बसलाय; हसू नका, मागच्या एक्सलचा पुढचा एक्सल करणाऱ्यांकडून हे होतं.

या प्रकारच्या ट्रान्सफरमध्ये मधलं डिफरेन्शियल नसतं. डांबरावर, काँक्रीटवर, सुक्या कडक मुरमावर फोर हाय लावून वळायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब जातात आणि तोच ताण पुन्हा साठतो. लिव्हर अडकला तर हातोडा घेऊ नका. गाडी सरळ दहा-पंधरा फूट मागे घ्या, ताण सुटला की लिव्हर आपोआप निघतो. चिखलात शिरण्याआधी हब लॉक करा. आत फसल्यावर गुडघाभर रेंद्यात उतरून हब फिरवणं ही वेगळी शिक्षा आहे. फोर लोमध्ये पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. चाक फिरलं तर सोडा, मागे घ्या, दुसरी वाट धरा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, क्रॉसमेंबरचे बोल्ट आणि शाफ्टचे नट पुन्हा आवळा. ५०० नंतर तिन्ही ठिकाणचं ऑइल बदला आणि काढलेलं ऑइल स्टीलच्या ताटात ओतून उन्हात बघा. पावसाळाभर दर आठवड्याला नकलच्या सीलभोवतीचा चिखल पाण्याने धुऊन काढा, पण प्रेशरचा फवारा थेट सीलवर मारू नका. वाळलेली काळी माती फिरत्या नकलवर कानशीसारखी चालते. ग्रीस भरताना कडेने जुनं, मातकट ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरत राहा.